सरासरी दीडशे

कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून आवाज येतोय, त्यामुळे जरा वाकावं लागेल. काळ्या चेनच्या पाकिटात, वापरलेल्या सुयांच्या डबीशेजारी पडलोय तो मी. रक्तातली साखर मोजायचं यंत्र. तळहाताएवढा आहे. एका कडेचा टवका उडालाय, बटणावरची खूण अंगठ्यांनी पुसून गेलीय. अकरा वर्षं झाली मला. आमच्यात एवढं कुणी जगत नाही. थकलोय, खरं सांगायचं तर. पण सेलमध्ये अजून थोडी धुगधुगी आहे, तोवर सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक, गार खोलीत झाला. डोक्याला जाळीची टोपी घातलेल्या एका बाईंनी मला तपासलं. त्यांच्याकडे बाटलीत लाल पाणी होतं. त्यात साखर बरोबर शंभर आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं. ते त्यांनी मला एकदा नाही, पाच वेळा पाजलं. मी म्हणालो नव्व्याण्णव, एकशे एक, शंभर, एकशे दोन, अठ्ठ्याण्णव. माझ्या शेजारचा भाऊ म्हणाला ऐंशी, एकशे वीस, नव्वद, एकशे दहा, शंभर. बेरीज करून पाचाने भागलं तर त्याचेही शंभरच येत होते. बाईंनी त्याला उचललं आणि नापास मालाच्या पेटीत टाकलं. मला पुढे ढकललं. का, ते मला तेव्हा समजलं नाही. समजायला पुढची सहा वर्षं गेली, आणि ते फार महागात पडणार होतं.

मला घरी आणलं काकूंनी. काका बस चालवायचे. एकाच मार्गावर, तीस वर्षं. आगारात त्यांना 'ठोका' म्हणायचे, कारण नवाचा ठोका पडावा तशी त्यांची नऊची बस स्टॉपवर येऊन उभी राहायची. त्यांच्या मार्गावरचे लोक म्हणे बस बघून घड्याळं लावायचे. काकू घरी शिवणकाम करायच्या. मुलगा जहाजावर होता, सहा-सहा महिने पाण्यावर. सूनबाई नट-बोल्टच्या कारखान्यात तपासणी विभागात कामाला. कमी बोलणाऱ्या. असं चौघांचं घर, त्यात पाचवा मी.

काम रोजचंच. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, पट्टी, पाच सेकंद, आकडा. त्या पाच सेकंदांत माणसं काय काय करतात ते मी इतक्या जवळून पाहिलंय की पुस्तक होईल. श्वास धरतात. भिंतीकडे बघतात. आकडा चांगला आला तर ते त्यांचं कर्तृत्व, वाईट आला तर माझा सेल उतरलेला. मग हात धुऊन पुन्हा मोजायचं, बोट बदलून पुन्हा मोजायचं, मनासारखा येईपर्यंत मोजायचं. काकाही तसलेच. "हे यंत्र सकाळी जरा चढंच दाखवतं," असं ते काकूंना सांगायचे. काकू मान हलवायच्या, कारण वाद घालून बस सुटायला उशीर झाला असता.

माझ्या कडेला एक बटण होतं. ते दाबून धरलं की मागच्या दोन आठवड्यांची सरासरी यायची, मोठ्या ठळक अक्षरांत. काकांचं त्या बटणावर फार प्रेम. सकाळचा आकडा दोनशे वीस आला की ते वैतागायचे, बटण दाबायचे, तिथे दीडशेच्या आसपास काहीतरी दिसायचं आणि त्यांच्या कपाळावरची आठी जायची. "सरासरी ठीक आहे," म्हणायचे. शर्टाची बटणं लावायचे आणि निघायचे.

त्यांचा दिवस असा होता. पहाटे सहाला इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं, सहा चाळीसला बस काढायची. काकू डबा द्यायच्या, पण डबा उघडायला थांबलं तर वेळ चुकते, म्हणून तो पिशवीत तसाच फिरायचा. इंजेक्शन मात्र थांबत नसतं. अकराच्या सुमाराला साखर घसरायची; शेवटच्या स्टॉपवर मोजली तर मी सत्तर-ऐंशी दाखवायचो. मग दुपारी घरी आल्यावर काका अधाशासारखे जेवायचे, आणि संध्याकाळी मी दोनशे चाळीस दाखवायचो. एकदा खड्ड्यात, एकदा डोंगरावर. आणि सरासरी दीडशे.

काकूंना हे आकड्यांत कळत नव्हतं, पण कळत होतं. "हल्ली सुट्टीच्या दिवशीही सकाळी काही खात नाही, आणि अकरा वाजले की अंगावर येता," त्या एकदा म्हणाल्या. "आणि शर्टाची पाठ पिळून निघते. पंखा चालू असताना."

"उकाडा किती आहे," काका म्हणाले.

"मला नाही वाटत उकाडा."

"तू सावलीत बसतेस."

तिथेच ते बोलणं संपलं.

दर सहा महिन्यांनी आगारात डॉक्टर सगळ्या चालकांना तपासायचे. तीन महिन्यांची साखर एका रक्ततपासणीत कळायची, तीही सरासरीच. फॉर्मवर एक चौकोन होता, त्यात तो आकडा लिहायचा. डॉक्टर म्हणायचे, "उत्तम. असंच चालू द्या." त्यांनाही दिवसाला साठ माणसं बघायची असायची. कुणाला दोष द्यावा असं काही नव्हतं. चौकोन एकच होता.

मग तो बुधवार आला.

मी काकांच्या पिशवीत होतो, डब्याला टेकून. बस इस्पितळासमोरच्या स्टॉपवर थांबली. माणसं चढली, उतरली, कंडक्टरबाईंनी घंटी दिली. बस हलली नाही. त्यांनी पुन्हा दोन घंट्या दिल्या. मागून हॉर्न वाजायला लागले. त्या पुढे आल्या.

"काका, काय झालं? चला."

काकांचा हात गिअरवर होता. चेहरा घामाने निथळत होता. ते समोर बघत शांतपणे म्हणाले, "सिग्नल लाल आहे, बाई."

त्या रस्त्यावर सिग्नल नव्हता. कधीच नव्हता.

कंडक्टरबाई अनुभवी होत्या, घाबरल्या तरी गांगरल्या नाहीत. त्यांच्या वडिलांनाही साखरेचा त्रास होता. त्यांनी पिशवीतून मला काढलं, काकांचं बोट टोचलं. मी अठ्ठेचाळीस दाखवले. पहिल्या बाकावरच्या म्हातारीने पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या. बाईंनी त्या एकामागून एक काकांच्या तोंडात घातल्या, समोरच्या टपरीवरून चार चमचे साखरेचा चहा आणला. पंधरा-वीस मिनिटांत काकांच्या डोळ्यांत ओळख परत आली. त्यांनी आधी घड्याळ बघितलं.

"बावीस मिनिटं," ते म्हणाले.

"बावीस मिनिटं जाऊ देत हो. काका, अठ्ठेचाळीस आलेत. दुसरा ड्रायव्हर मागवते."

तेव्हा काकांनी मला हातात घेतलं आणि ते बटण दाबलं. मी काय करणार? मला जे विचारतात ते मी दाखवतो. दीडशे.

"हे बघा. दोन आठवड्यांची सरासरी. दीडशे. एखादा आकडा येतो असा. आज उन्हाने झालं." मग म्हणाले, "आगारात बोलू नका. दोन वर्षं राहिलीत माझी."

बाईंना पटलं नव्हतं. पण दीडशे हा आकडा समोर होता, आणि तीस वर्षांत ज्याचा ठोका चुकला नाही असा माणूस सांगत होता. त्यांनी घंटी दिली. बस निघाली. बत्तीस माणसं होती आत. मी डब्याशेजारी पडून ती मोजत होतो. माझं काम मोजायचं आहे, दुसरं मला येत नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, त्या माणसाला धीर देणारा आकडा मी दाखवायला नको होता. तो खोटा नव्हता. म्हणूनच तो वाईट होता.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांची तपासणी होती. रविवारी सकाळी काकांनी मला सूनबाईंच्या पुढ्यात ठेवलं. "दोन आठवड्यांचे आकडे कागदावर उतरवून दे ग. डॉक्टरांना वही दाखवतात सगळे. मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत."

सूनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून लिहायला लागल्या. काकू पलीकडे मशीनवर एका पडद्याला टीप घालत होत्या. सूनबाई एकेक आकडा मागे जात होत्या. मध्येच त्यांचं पेन थांबलं.

"बाबा, बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुठे होता?"

"ड्युटीवर."

"म्हणजे स्टिअरिंगवर."

शिवणयंत्र थांबलं.

"अठ्ठेचाळीस आहे इथे," सूनबाई म्हणाल्या.

"एखादा येतो. सरासरी बघ तू. दीडशे आहे की नाही?"

"दीडशे आहे."

"मग झालं तर."

सूनबाई एरवी सासऱ्यांशी वाद घालत नसत. त्या दिवशी घातला नाहीच, पण उठल्याही नाहीत. पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाल्या, "बाबा, मला एक सांगा. तुमच्या आगारात तो एक ड्रायव्हर आहे ना, तुम्ही नेहमी ज्याला शिव्या देता?"

"तुफान? त्याचं नाव सकाळी सकाळी काढू नकोस."

"त्याची बस स्टॉपवर कधी येते?"

"त्याच्या लहरीवर. सोमवारी नऊ मिनिटं आधी आली, माणसं पळताहेत मागून. मंगळवारी दहा मिनिटं उशिरा. मग आठ मिनिटं आधी, मग सात उशिरा. शुक्रवारी चुकून वेळेवर आला. कंट्रोलर वाचून दाखवत होता, सगळे हसत होते."

"आणि तुमची?"

काकांचा आवाज जरा सैल झाला. "एक मिनिट आधी. एक मिनिट उशीर. बरोबर. दोन उशीर. दोन आधी. तेही त्या पुलाच्या कामामुळे."

सूनबाईंनी दोन ओळी लिहिल्या. लवकर आलेल्या मिनिटांना उणे, उशिराला अधिक. "बेरीज करू. तुमची शून्य. पाचाने भागलं, सरासरी शून्य. म्हणजे सरासरीने तुमची बस अगदी वेळेवर."

"आहेच."

"आता तुफानची. नऊ आणि आठ सतरा उणे, दहा आणि सात सतरा अधिक. शून्य. त्याचीही सरासरी शून्य. सरासरीने तोही अगदी वेळेवर. म्हणजे तुम्ही दोघं सारखेच."

काकांनी खुर्ची मागे सारली. "सारखे? मी आणि तो? माझ्या स्टॉपवर लोक घड्याळं लावतात."

"ते सरासरीत दिसतं का, बाबा?"

काकांनी कागद ओढून घेतला. दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. "नाही दिसत," ते म्हणाले. "हे गणितच चुकीचं आहे."

"चुकीचं नाही, अर्धं आहे. सरासरी एवढंच सांगते की मध्य कुठे आहे. त्या मध्यापासून माणूस किती भरकटतो, हे ती सांगत नाही. ते वेगळं काढावं लागतं. त्याला प्रमाण विचलन म्हणतात. आम्ही बोल्टचं रोज काढतो."

"एक दिवस अळणी आणि एक दिवस खारट वाढलं," काकू मशीनवरून न उठता म्हणाल्या, "तर सरासरीने तुम्ही जेवाल का?"

"तू थांब जरा," काका म्हणाले, पण त्यांचं लक्ष कागदावर होतं. "काढायचं कसं ते?"

"आधी रोज मध्यापासून किती लांब गेलो ते लिहायचं. ते आपल्याकडे आहेच. पण त्यांची नुसती बेरीज केली तर उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकतात, शून्य उरतं. म्हणून प्रत्येकाला स्वतःनेच गुणायचं, म्हणजे वर्ग करायचा. उण्याचा वर्गही अधिकच होतो."

"मग उणं-अधिक पुसून टाक की नुसतं. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?"

सूनबाई पहिल्यांदा हसल्या. "तसंही करतात काही लोक, अगदीच चूक नाही ते. पण मला सांगा, एक बस दहा दिवस रोज एकेक मिनिट उशिरा आली, आणि दुसरी नऊ दिवस वेळेवर आणि एकच दिवस दहा मिनिटं उशिरा. जास्त वाईट कुठली?"

"एक मिनिट कुणाला कळतही नाही. दहा मिनिटांत माणसाची पुढची गाडी चुकते."

"म्हणून वर्ग. लहान चूक लहानच राहते, मोठी चूक फार मोठी दिसते. एकाचा वर्ग एक, दहाचा शंभर."

काकांनी पेन्सिल स्वतःच घेतली. त्यांचे एक, एक, शून्य, चार, चार. बेरीज दहा. पाचाने भागून दोन.

"आता हे दोन म्हणजे मिनिटं नाहीत," सूनबाई म्हणाल्या. "मिनिटांचे वर्ग आहेत, ते कुठल्या घड्याळात दिसत नाहीत. म्हणून शेवटी वर्गमूळ घ्यायचं, की परत मिनिटांवर आलो. दोनाचं वर्गमूळ दीडला थोडं कमी. बाबा, तुमचं विचलन दीड मिनिटसुद्धा नाही. हे तुमचं पाऊल. मध्यापासून इकडेतिकडे तुम्ही साधारण एवढेच हलता."

काकांच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येणार नाही. तीस वर्षं त्यांना लोकांनी ठोका म्हटलं होतं. आज कुणीतरी ते कागदावर काढून दिलं होतं. तुफानचं त्यांनी मोठ्या हौसेने केलं. एक्क्याऐंशी, शंभर, चौसष्ट, एकोणपन्नास, शून्य. दोनशे चौऱ्याण्णव. भागून एकोणसाठला जरा कमी. वर्गमूळ सूनबाईंनी काढून दिलं, पावणेआठच्या जवळपास.

"दीड आणि पावणेआठ," काका म्हणाले. "आता दिसतंय. सरासरी तीच, पण हा माणूस वेगळा आहे."

"हो," सूनबाई म्हणाल्या, आणि कागद पालटला. त्यांनी बुधवारच्या त्या आकड्यापासूनचे ओळीने पाच आकडे एकाखाली एक लिहिले. अठ्ठेचाळीस, दोनशे चाळीस, चौऱ्याऐंशी, दोनशे दहा, एकशे अडुसष्ट. "यांचीही सरासरी दीडशेच येते. आता तुम्हीच करा."

काका करत गेले. उणे एकशे दोन. अधिक नव्वद. उणे सहासष्ट. अधिक साठ. अधिक अठरा. वर्ग करताना त्यांचा हात मंदावला. भागाकार झाला, सूनबाईंनी फोनवर वर्गमूळ काढलं आणि आकडा न बोलता कागदावर लिहिला. त्र्याहत्तर.

"हे तुमच्या रक्ताचं पाऊल," त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस मध्यापासून किती लांब आहे? एकशे दोन. म्हणजे दीड पाऊलसुद्धा नाही. तुमचं विचलन पंधरा असतं आणि तरी अठ्ठेचाळीस आला असता, तर मी म्हटलं असतं, काहीतरी विपरीत घडलं, यंत्र बिघडलं असेल. पण त्र्याहत्तरचं पाऊल टाकणाऱ्याला तिथे जायला काही विशेष घडावं लागत नाही. तो एखादा आकडा नाही, बाबा. तो तुमच्या चालीतलाच आहे. परत येणार."

"आणि दोन पावलं गेलो तर?" काकांनी विचारलं. उत्तर त्यांनीच मांडलं. दीडशेतून एकशे सेहेचाळीस गेले. "चार."

"चारला माणूस नसतो," सूनबाई हळूच म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "रक्तात मी तुफान आहे."

काकू मशीनवरून उठून टेबलापाशी आल्या. "बुधवारी काय झालं ते आता सांगा," त्या म्हणाल्या. काकांनी सांगितलं. लाल सिग्नलचंही सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "पहिल्या बाकावर मीही असू शकले असते." आणि आत गेल्या.

त्या दुपारी काका एकटे बसून राहिले. चष्मा नाकाच्या टोकावर, मी शेजारी. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्यांनी दोन आठवड्यांचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आकडे घेतले आणि सगळं पहिल्यापासून केलं. दोनदा केलं. मग कागद घेऊन सूनबाईंकडे गेले.

"सत्तर येतंय. कुठे चुकलंय का बघ."

सूनबाईंनी ओळ न ओळ तपासली. मला वाटतं, चूक सापडावी असं त्यांनाही वाटत होतं. "नाही, बाबा. बरोबर आहे."

मंगळवारी मी खिशात होतो. डॉक्टरांनी चौकोन भरला, "उत्तम" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारणार तोच काकांनी घडी घातलेलं कॅलेंडरचं पान टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," काका म्हणाले. "आणि मीही सांगितलं नाही. निम्मं-निम्मं धरा."

डॉक्टरांनी इंजेक्शनची मात्रा बदलली, वेळ बदलली, न्याहरी केल्याशिवाय सुई टोचायची नाही म्हणून बजावलं. आणि एक चिठ्ठी लिहिली. पुढचं कळवेपर्यंत गाडी चालवायची नाही. काकांनी ती चिठ्ठी वाचली नाही. पायऱ्या उतरताना त्यांचा हात खिशात माझ्यावर होता, अंगठा सरासरीच्या बटणावर. त्यांनी ते दाबलं मात्र नाही.

त्यांना कंट्रोलरच्या खोलीत बसवलं. बसगाड्या आल्या-गेल्याच्या वेळा लिहायच्या. पहिल्या दिवशी त्यांची नऊची बस दुसऱ्याच कुणीतरी आणली, चार मिनिटं उशिरा. काकांनी वेळ लिहिली आणि खिडकी लावून घेतली. त्या आठवड्यात ते घरीही फारसे बोलले नाहीत. काकू ताटावर बसवायच्या, ते जेवायचे. वेळेवर जेवायचे, एवढंच.

पण नुसतं बसून राहायचा त्यांचा पिंड नव्हता. महिन्याभरात त्यांनी प्रत्येक चालकाच्या नावापुढे सरासरीच्या शेजारी दुसरा एक आकडा लिहायला सुरुवात केली. तुफान भांडायला आला. "काका, माझ्या नावापुढे हा आठ कसला? मी तर सरासरीने वेळेवर आहे."

"आहेस ना," काका म्हणाले. "पण तुझ्यासाठी थांबून राहायचं की तुझ्या मागे पळायचं, हे लोकांना कळत नाही. तो आठ."

तुफान तणतणत गेला. तीन महिन्यांनी त्याचा पाच झाला होता. त्याने ते स्वतः येऊन विचारलं होतं.

काकांचाही आकडा उतरत होता. सत्तरचे बावन्न झाले, मग एकेचाळीस, मग एकतीस. सरासरी दीडशेची एकशे पंचेचाळीस, म्हणजे जवळजवळ तिथेच. आधीचा चौकोन भरणाऱ्याला काही बदललंय असं वाटलंही नसतं. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, आता चालवू शकता, नियमित तपासत राहा. काका घरी आले, चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"नाही जाणार."

"जीव तुटतोय तुमचा. मला दिसतं."

"तुटतोय. पण तुफानचं मी हसून सोडलं असतं, तो उशिरा आला तर माणसं शिव्या देऊन घरी जातात. माझं तसं नाही. मागे बसलेल्यांना सरासरीने पोचवून चालत नाही ग."

काकूंनी चिठ्ठी घडी घालून कपाटात ठेवली. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. काका उरलेलं सव्वा वर्ष कंट्रोलरच्या खिडकीत बसले आणि तिथूनच निवृत्त झाले.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. काका धडधाकट आहेत. माझ्या मापाच्या पट्ट्या बनवणं बंद झालं, तेव्हा नवं यंत्र आलं. ते हुशार आहे. सरासरी दाखवतं आणि तिच्याखाली विचलनही दाखवतं, कुणी न विचारता. मला हेवा वाटत नाही. मला ते बटण दिलं असतं तर एक बुधवार टळला असता, एवढंच मनात येतं. मी खणात गेलो. खणात वेळ जात नाही आणि वाटही बघायची नसते.

गेल्या महिन्यात सूनबाईंनी खण आवरायला काढला. माझ्या पाकिटात तीन पट्ट्या शिल्लक होत्या, तारीख उलटायला थोडे दिवस बाकी. त्या मला टाकायला निघाल्या होत्या. मग थांबल्या आणि बाहेर आल्या.

"आई, बोट द्या."

"मला कशाला?" काकू म्हणाल्या. "मला काय झालंय?"

"द्या तर."

काकूंचं बोट आयुष्यभराच्या सुयांनी निबर झालेलं. पहिल्या टोचणीला रक्त आलंच नाही. दुसऱ्यांदा आलं. इतकी वर्षं त्या माझ्या पट्ट्या दुकानातून आणायच्या, मला पुसायच्या, सेल बदलायच्या, काकांच्या पिशवीत आठवणीने ठेवायच्या. त्यांचं रक्त मी कधी चाखलं नव्हतं. आकडा येईपर्यंत त्यांनीही श्वास धरला, अगदी सगळे धरतात तसा. एकशे चार.

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे. पण एकावरून काही कळत नाही, आई. उद्या सकाळी परत."

दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव. तिसऱ्या दिवशी नव्व्याण्णव. काका शेजारी येऊन बसले होते. त्यांनी कॅलेंडरवर काकूंच्या नावाने पहिल्यांदाच तीन आकडे लिहिले, खाली हिशेब मांडला. सरासरी शंभर.

"आणि ते दुसरं?" काकूंनी विचारलं.

"तीन," काका म्हणाले. "तीनच्या आतच. तीन आकड्यांवरून फार काही म्हणता येत नाही, पण तीन."

काकू हसल्या. "एका जागी बसून शिवत आले, दुसरं काय येणार." मग त्यांनी बोटावरचा कापूस तसाच दाबून धरला. "बरं वाटलं," म्हणाल्या. "आकडा काहीही येऊ दे. कुणी विचारलं नव्हतं कधी."

काकांनी मान खाली घातली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या यंत्राचं पाकीट उघडलं आणि स्वतःच्या आधी काकूंचा हात पुढे ओढून घेतला, ते मी खणाच्या फटीतून बघितलं.

सेल आता संपत आलाय, आकडे अंधुक दिसायला लागलेत. माझं मागणं फार नाही. तुम्हाला कुणी सरासरी सांगितली तर ऐकून घ्या, ती खोटी नसते. फक्त तेवढ्यावर उठून जाऊ नका. मध्यापासून किती लांब जाता, एवढं एक विचारा, आणि ज्यांना कधीच कुणी काही विचारलं नाही त्यांना आधी विचारा. मला टाकायचं असेल तर टाका. पण खण बंद करण्याआधी शेजारची सुयांची डबी उचला, कुणाच्या तरी हाताला लागेल.